टॅब आले, आता त्यांत मुलांच्याच गोष्टी भरू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून एखाद्या शाळेला टॅब किंवा स्मार्ट टीव्ही मिळाल्याचं छायाचित्र येतं. मागे पाहुणे उभे, पुढे मुलं मांडी घालून बसलेली, मधल्या मुलाच्या हातात टॅब. ते पाहून मला आनंद होतो, कारण आमच्या शाळेला पहिला टॅब मिळाला तेव्हा मीही अशाच फोटोत उभी होते. पण फोटो छापून आल्यावर त्या टॅबचं वर्गात पुढे काय झालं, हे कुणी लिहीत नाही. ते लिहावं म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण जागा द्यावी ही विनंती.

मी कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. नोकरीला एकवीस वर्षं झाली. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पटावर १७ मुलं. मुख्याध्यापक सभेला गेले की चारही वर्ग माझ्यासमोर एकाच खोलीत. दोन टॅब आहेत, त्यातल्या एकाचं चार्जिंग टिकत नाही. तिसरं यंत्र म्हणजे माझा स्वतःचा फोन. नेटवर्क हवं असेल तर देवळामागच्या टेंबावर, म्हणजे टेकाडावर, जावं लागतं.

टॅब आला तेव्हा त्यात तयार गोष्टी भरलेल्या होत्या. हलती चित्रं, गोड आवाज, मध्येच टाळ्या. मुलं एकदम शांत बसली. चारही वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या बाईला ती शांतता किती हवीहवीशी वाटते, हे शिक्षकांना सांगायला नको. मीही आठवडाभर तेच केलं. मग एक दिवस दुसरीतल्या एका मुलाला विचारलं, "कोल्ह्याची गोष्ट तीनदा बघितलीस ना? मग सांग बघू." तो उठला, टॅब माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "बाई, परत लावा. तोच सांगता."

तोच सांगता. टॅबच सांगतो. हे वाक्य मला आजही टोचतं. घरात रात्री आजीच्या कुशीत गोष्ट ऐकणारं पोर दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट धाकट्या भावाला सांगतं, त्यात चार गोष्टी आपल्या घालतं, दोन विसरतं. इथे त्याला सांगायची गरजच उरली नव्हती.

मग गोष्टी तयार करायच्या ॲपकडे वळले. एका प्रशिक्षणात एक ॲप दाखवलं होतं. त्यात पार्श्वभूमीची तयार चित्रं, तयार पात्रं. मुलाने निवडायची आणि हलवायची. कल्पना चांगली वाटली. पण त्या चित्रांत किल्ल्याचे निमुळते मनोरे होते, बर्फ होता, समुद्री लुटारूंचं जहाज होतं. माड नव्हता, खळं नव्हतं, व्हाळ नव्हता. तिसरीतली एक मुलगी पाऊण तास राजकन्येच्या केसांचा रंग बदलत बसली. तास संपला. गोष्ट एका ओळीचीही झाली नव्हती. तिचा दोष नव्हता. बर्फात राहणाऱ्या राजकन्येबद्दल तिने सांगायचं तरी काय?

त्या वर्षीची सहल आम्ही पिंगुळीला नेली. आम्हाला तसं जवळच, कुडाळच्या वेशीवर. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आपल्या वाचकांना माहीत असेल, श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा तिच्यावर बरंच लिहून आलं होतं. कागदावरची चित्रं, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. अशा चित्रांची गोष्टीच्या क्रमाने लावलेली एक पोथी. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गातो, सांगतो. चित्र संपलं की दुसरं. मुलं तोंडाचा आ करून बघत होती. परतताना टेम्पोत चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, ह्या तर आपल्याक पण जमात. चित्रां काढूची आणि बोलूचा."

माझ्या डोक्यात जे इतके दिवस जुळत नव्हतं ते त्याने एका वाक्यात जुळवलं. क्रमाने लावलेली चित्रं आणि त्यांवर माणसाचा आवाज: हे आमच्या मातीत कागदावर आधीपासून होतं. आमच्या हातातल्या यंत्राने फक्त आवाज धरून ठेवायचा आणि चित्र उलटायचं.

तेव्हापासून आमच्याकडे एक क्रम ठरला आहे. आधी गोष्ट तोंडी. परिपाठानंतर दहा मिनिटं, ज्याला सांगायची असेल त्याने उभं राहून सांगायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. मग ड्रॉइंगच्या कागदावर चारच चित्रं. मग प्रत्येक चित्राखाली दोन-तीन ओळी, स्वतःच्या हाताने. यंत्र सगळ्यात शेवटी. चित्रांचे फोटो दाराजवळच्या उजेडात काढायचे, कारण वर्गात पावसाळ्यात दिवसाही अंधार. मग आवाज. मुलं या सगळ्या प्रकाराला पोथीच म्हणतात.

चारच चित्रं का? आम्ही 'स्क्रॅचज्युनियर' हे ॲप वापरतो, त्यात एका गोष्टीला चारच पानं मिळतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ते २०१४ मध्ये अमेरिकेत तयार झालं. फुकट आहे, एकदा टॅबवर घेतलं की इंटरनेट लागत नाही आणि सूचनांच्या ठोकळ्यांवर शब्दांऐवजी खुणा आहेत, त्यामुळे इंग्रजी न येणारं पहिलीचं पोरही पात्र चालवू शकतं. मुख्य म्हणजे पात्र स्वतः काढता येतं आणि स्वतःचा आवाज भरता येतो. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी साध्या फोनवर फोटो आणि आवाज जोडले तरी भागतं. चार पानांची अट मला सुरुवातीला अडचण वाटली होती. आता ती देणगी वाटते. "मग आम्ही उठलो, मग तोंड धुतलं, मग चहा प्यालो" असं लांबण लावणारी मुलं आता आपसांत वाद घालतात, की चहाचं चित्र हवं की नको.

पहिली पूर्ण झालेली पोथी गव्याची. दुसरीतला मुलगा, तोच, "तोच सांगता" म्हणणारा. त्यांच्या परसात रात्री गवा आला होता. पहिल्या चित्रात काळाकुट्ट गवा आणि त्याच्या पायांखाली चवळीचा वेल. गोष्ट सांगायला उभा राहिला आणि अडला. मान खाली घालून विचारलं, "बाई, मालवणीत सांगलंय तर चलात?" मी म्हटलं, चालेल. आणि मग तो थांबेचना. "काल राती आमच्या परसात गवो इलो. आज्यान डबो बडवल्यान..."

आवाज भरून झाल्यावर त्याला ऐकवला. तो दचकला. "माझो आवाज असो आसा?" मग म्हणाला, परत करूया. पुन्हा भरला. डबा बडवल्याचा आवाज हवा म्हणून पत्र्याचा डबा आणला. पुन्हा. "गवो" शब्दावर घाई होते म्हणून पुन्हा. सात वेळा त्याने ती गोष्ट भरली. मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं.

संपादक महाशय, प्राथमिक शाळेत शिकवलेल्या कुणालाही विचारा, वहीतली पाच ओळींची गोष्ट मूल दुसऱ्यांदा लिहायला तयार होतं का. लाल शाईने चुका दाखवल्या की ते वही मिटून टाकतं. इथे चूक मी दाखवलीच नाही. ती त्याच्या कानाने पकडली. कुठे थांबायचं, काय गाळायचं, काय राहिलं, हे सगळं ते मूल स्वतः ठरवत होतं. ॲपचं मला कळलेलं सगळ्यात मोठं काम हेच आहे. रंग, टाळ्या, हलती चित्रं हे सगळं त्यापुढे दुय्यम.

वाचनाचंही तेच. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने निपुण भारत हे अभियान सुरू केलं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावं, असं उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट मला मनापासून पटतं. आमच्या या मुलाला तेव्हा पुस्तकातला 'गरुड' वाचताना घाम फुटायचा. पण स्वतःच्या चित्राखालची "गवो इलो" ही ओळ तो बोट न ठेवता वाचत होता, कारण ती त्याची होती. 'ग' तिथे पक्का झाला आणि मग गरुडही जमला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. आमच्या मुलांची घरची भाषा मालवणी आहे, हे आपण कागदावर कधी धरणार? मालवणी बोलणारं पोर वर्गात पाय ठेवलं की निम्मं गप्प होतं, हे मी एकवीस वर्षं बघते आहे. गोष्ट सांगताना तरी त्याला गप्प करू नये.

पावसाळ्यातली एक युक्ती सांगते, कुणाला उपयोगी पडेल. पाऊस कौलांवर पडायला लागला की फोनमध्ये दुसरं काहीच ऐकू येत नाही. आम्ही बरेच प्रयोग केले. गोधडीखाली बसलो, तर मुलं हसत सुटायची. शेवटी पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवतो ती लहान खोली सापडली. दोन्ही बाजूंना पोती, मध्ये मूल, हातात फोन. आवाज इतका स्वच्छ येतो की विश्वास बसत नाही. मुलं आता "पोत्यांत जातंय" म्हणून सांगून जातात.

त्या पोत्यांमध्ये भरलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. आमच्या भागात चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणी आहेत. दिवाळीनंतर कर्नाटकातून कुटुंबं कामाला येतात, पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यातला एक मुलगा तिसरीत होता, घरी कन्नड. वर्गात तो खाणाखुणांवर चालवायचा. पोथीची पाळी आली तेव्हा त्याने चार चित्रं काढली: खाण, ढग, पाण्याने भरलेली खाण, आणि सामानाने लादलेला टेम्पो. आवाज त्याने त्याच्या भाषेत भरला. त्यात दोन शब्द पुन्हा पुन्हा येत होते, "मळे बंतु". आमची मुलं म्हणाली, मळ्यात कोण आलं? मळा कुठे आहे चित्रात? त्याने ढगाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि हाताची बोटं वरून खाली सोडली. मळे म्हणजे पाऊस. मळे बंतु, पाऊस आला.

त्यानंतर वर्गात आठवडाभर पाऊस हा शब्द कुणी वापरला नाही. आभाळ भरलं की सगळे ओरडायचे, मळे बंतु! आणि तो मुलगा प्रत्येक वेळी मान डोलवायचा, की बरोबर आहे. त्याच्या गोष्टीत पाऊस आला की खाण भरते, काम थांबतं आणि त्याची शाळा सुटते. मे महिन्यात तसंच झालं. पोथी मी त्याच्या वडिलांच्या फोनवर पाठवून दिली. पुढच्या शाळेतल्या बाईंना दाखव, असं सांगितलं. त्यांना निदान कळेल की हे पोर मुकं नाही, त्याला सांगता येतं.

आता एक चूक सांगते. ती माझी आहे आणि तिच्यावाचून हे पत्र खरं होणार नाही. चौथीतल्या एका मुलीने 'आईची माळ' नावाची पोथी केली. वडिलांच्या आजारपणात आईचं मंगळसूत्र पतपेढीत तारण ठेवावं लागलं, त्याची गोष्ट. इतक्या साध्या शब्दांत सांगितली होती की ऐकून माझे डोळे भरले. त्याच भरात मी ती पालकांच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत ती वाडीभर फिरली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या पडवीत येऊन बसली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "चेडवान सांगल्यान ता खरा. पण ता घरातला." पोरीने सांगितलं ते खरं, पण ते घरातलं.

मी तिची माफी मागितली, मुलीचीही मागितली. त्या दिवसापासून नियम केला. पोथी मुलाची. ती कुणाला ऐकवायची हे आधी मुलाला विचारायचं, मग घरी विचारायचं, आणि दोघांनी हो म्हटलं तरच ती वर्गाबाहेर जाईल. चेहरा दिसणारं काहीही नाही. फक्त चित्रं आणि आवाज. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची खात्रीशीर संमती लागते असं आहे. पण आमच्याकडे उपक्रम केला की लगेच फोटो आणि व्हिडिओ पाठवा असा निरोप येतो, न पाठवला तर उपक्रम झालाच नाही असं धरतात. शिक्षक काय करतील? ते पाठवतात. मुलांच्या घरातल्या गोष्टी अशाच कुठल्या कुठे जातात.

आणखी एक गोष्ट मला खटकते. आम्हाला माहिती भरायला येते ती ॲप किती मिनिटं वापरलं याची. मिनिटं भरणं सोपं आहे, टॅब चालू ठेवून मी दुसऱ्या वर्गाची गणितं घेतली तरी ती भरतात. गव्याच्या पोथीला पाच दिवस लागले आणि त्यात टॅब हातात होता जेमतेम अर्धा तास. रकान्यात तो उपक्रम अगदीच किरकोळ दिसला.

तयार गोष्टी वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीतली किती तरी चित्रपुस्तकं फुकट मिळतात, वाचनाच्या पातळीनुसार लावलेली, आणि श्रेय देऊन त्यांचा अनुवाद करायलाही परवानगी आहे. टेंबावर जाऊन मी ती महिन्यातून एकदा उतरवून आणते. मुलांना पुस्तक दाखवते आणि मालवणीत सांगते. कधी कधी मुलंच मला शब्द सुचवतात. चांगलं ऐकल्या-वाचल्याशिवाय चांगलं सांगता येत नाही. पण ऐकण्यावरच तास संपू नये.

म्हणून ज्यांच्या हातात हे आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. शाळेला टॅब देताना त्यात किती गोष्टी भरल्या आहेत हे सांगू नका. त्यात मुलाला आपला आवाज भरता येतो का, आपलं चित्र घालता येतं का आणि इंटरनेट नसताना ते चालतं का, हे आधी तपासा. शिक्षण परिषदेत, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या बैठकीत, महिन्यातून एक तास असा द्या, की केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, शाळांनी, मुलांच्या आणि घरच्यांच्या संमतीने, एकमेकांच्या मुलांच्या गोष्टी नुसत्या ऐकाव्यात. गुण नकोत, स्पर्धा नको, प्रमाणपत्रही नको. स्पर्धा आली की गोष्टी पालक आणि शिक्षक लिहून देतात, हे आपण सगळे जाणतो. आणि भाषेची अट काढा. मालवणी, अहिराणी, कोरकू, वारली, कन्नड, जे पोराच्या तोंडात असेल ते येऊ द्या. प्रमाण मराठी आम्ही शिकवूच, तो आमचा पगाराचा भाग आहे.

एक विनंती आपल्यालाही. रविवारच्या पुरवणीत आठवड्याला एका मुलाच्या पोथीला पाव पान द्याल का? चार चित्रं आणि त्याखालच्या ओळी. शेजारी एक क्यूआर कोड छापला तर वाचकांना त्या मुलाचा आवाजही ऐकता येईल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. आता बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरही ते असतात. वर्तमानपत्राला हे अवघड नाही.

पहिली पोथी मी या पत्रासोबत पाठवते आहे. मुलाने हो म्हटलं आहे, त्याच्या आईने आणि आज्यानेही. चार चित्रं आहेत, अकरा ओळी आहेत. छापणार असाल तर एवढं सांभाळा, त्यातला 'गवो' कृपया 'गवा' करू नका.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग